किती बॉयलर पेटवायचे? गिरणीच्या आगवाल्यापासून आजच्या कंट्रोलरपर्यंत

या भागाचं रेकॉर्डिंग बोर्ली पंचतनच्या घरी, ओटीवर बसून केलं. त्यामुळे ऐकताना मधूनमधून कोंबडा आरवतो आणि एस.टी.चा हॉर्न वाजतो. लिहून काढताना ते दोन्ही गाळले आहेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

झालं असं, की माझ्या भाच्याचा फोन आला. तो इंग्लंडमध्ये असतो, शाळा-दवाखान्यांच्या हीटिंगची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. एका शाळेच्या तळघरात चार बॉयलर आहेत. गॅसवर चालणारे, नव्या पद्धतीचे, ज्यांची ज्योत लागेल तशी लहानमोठी होते. गॅसचं बिल इतकं येत होतं, की पुढच्या हिवाळ्यात एक अख्खा मजला बंद ठेवायचा विचार शाळेत चालला होता. भाच्यानं काय केलं? त्याला आबांचं वाक्य आठवलं. आबा म्हणजे माझे वडील, त्याचे आजोबा. लालबागच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात त्यांची तीसेक वर्षं गेली. ते म्हणायचे, "अर्धपोटी चार बैलांपेक्षा पोटभर दोन बैल जास्त नांगरतात." म्हणजे चार बॉयलर मंद चालवण्यापेक्षा दोन पूर्ण जाळावर चालवा आणि दोन विझवा. भाच्यानं दोन बंद केले. महिन्याचं बिल आलं, ते उतरलं तर नाहीच, उलट थोडं चढलं.

"मामा, आबा चुकीचं सांगायचे का रे?"

आता हा प्रश्न बॉयलरचा राहिला नाही, घरचा झाला. म्हणून म्हटलं, जरा नीट शोधूया. आणि शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आपल्या रायगड किनाऱ्याला इतका चिकटलेला निघाला, की त्याचा भागच करून टाकला.

सुरुवात घरातल्या बंबापासून करतो. ज्यांनी तांब्याचा बंब पाहिलाय त्यांना निम्मा बॉयलर आधीच कळलेला आहे. मध्ये उभी नळी, तिच्यात लाकडं-कोळसे, भोवती पाणी. आग पाण्याच्या पोटात आणि धूर वर. गरम पाणी काढलं की वरून गार पाणी ओतायचं, नाहीतर बंब कोरडा पडून टाका निखळणार. आमच्याकडे चुलीला वैल असतो, मुख्य जाळातून निसटलेली धग जिथे आमटी गरम ठेवते. आणि रात्री झोपताना आई निखारे राखेत पुरून ठेवायची, सकाळी फुंकर मारली की विस्तव तयार. हे तिन्ही ध्यानात ठेवा. पोटात आग, निसटलेल्या धगीचा वापर, आणि झाकून ठेवलेला विस्तव. गिरणीच्या बॉयलर खात्यात याच तीन गोष्टी हत्तीएवढ्या आकारात होत्या.

वाफेची आणि आपली ओळख मात्र गिरणीच्या आधी समुद्रावर झाली. मराठीत स्टीमरला आगबोट म्हणतात, वाफबोट नाही. लोकांनी नाव ठेवताना नेमकी आग पाहिली, वाफ नाही, आणि हे मला फार योग्य वाटतं. मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्यात कोळसा ठेवायची जागा साधारण साडेपाच दिवसांची, आणि पहिला मुक्काम एडन अकरा दिवसांवर. मग काय, केबिनांत, सलूनमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा कोळसा जवळपास संपलेला होता. म्हणजे आपल्याकडच्या वाफेच्या इतिहासात पहिल्या पानावरच प्रश्न आहे तो इंधनाचा. त्याच काळात मुंबईच्या गोदीत अर्देशर खरशेदजी वाडिया हा पारशी तरुण वाफेची इंजिनं शिकत होता. १८४१ साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला, हा मान मिळवणारा पहिला भारतीय. जहाज बांधणाऱ्या घराण्यातला हा माणूस वाफेकडे वळला, यावर खरं तर वेगळा भाग व्हायला हवा. कधीतरी करू.

आबा मुंबईला गेले तेही आगबोटीनेच. बोर्लीहून दिघी, दिघीहून बोट, आणि उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे गणपतीला यायचं म्हणजे अर्धा प्रवास चिखलातून. आता मंडळी मुंबईला गेली आणि बरीचशी गिरणीत शिरली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली. गिरणी म्हटलं की आपल्याला साचे आठवतात, भोंगा आठवतो, चिमणी आठवते. पण भोंगा वाजतो वाफेवर आणि चिमणी असते बॉयलरची, म्हणजे ज्या दोन गोष्टींनी गिरणगाव ओळखलं गेलं त्या दोन्ही बॉयलर खात्याच्या! तरी गिरणीच्या गोष्टींत साचेवाला येतो, जॉबर येतो, आगवाला क्वचित येतो. असो.

त्या काळचा गिरण्यांचा आवडता बॉयलर म्हणजे लँकेशायर. विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ साली त्याचं पेटंट घेतलं. आडवं पडलेलं लोखंडी पिंप, साधारण ३० फूट लांब आणि ८ फूट व्यासाचं. त्याच्या पोटात आरपार दोन मोठ्या नळ्या, दोन्हींच्या तोंडाशी कोळशाच्या जाळ्या. बाहेरून सगळं विटांच्या बांधकामात गाडलेलं, म्हणजे नळीतून बाहेर पडलेला धूर पिंपाच्या खालून आणि बाजूंनी फिरून मग चिमणीकडे जायचा. वाटेत इकॉनॉमायझर, म्हणजे धुराच्या मार्गात उभ्या केलेल्या पाण्याच्या नळ्या. वेकफिल्डच्या एडवर्ड ग्रीननं १८४५ साली तो काढला. आपला वैल, बरं का, फक्त साहेबाच्या नावावर.

अशा एका बॉयलरमध्ये वीसेक टन पाणी मावतं. मोठ्या गिरणीत असे चार, पाच, सहा बॉयलर एका रांगेत. सगळ्यांची वाफ वरच्या एकाच मोठ्या नळात जाते आणि तिथून गिरणीभर. आता खरा प्रश्न आला. आज किती पेटवायचे?

हे ठरवायला कुठलंही यंत्र नव्हतं. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी विटा थंड पडलेल्या असत. वीस टन पाणी आणि तितकंच जड लोखंड तापायला कित्येक तास, आणि घाई केली तर पत्र्यांचे सांधे ताणून गळायला लागतात. म्हणून भोंगा सकाळी वाजणार असला तरी आगवाले रात्रीच कामाला. दाब चढला की गार बॉयलर रांगेत घ्यायचा, पण त्याचा दाब नळातल्या दाबाइतका झाल्याशिवाय त्याची झडप उघडायची नाही. आबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. चालत्या नळाला कमी दाबाचा बॉयलर एकदम जोडला, तर वाफ उलटी घुसते, नळात साचलेलं पाणी गोळ्यासारखं धावतं आणि नळ फोडतं. म्हणून झडप इतकी हळू उघडायची की हात हलतोय हे शेजारच्याला दिसू नये.

जेवणाची सुट्टी झाली की साचे थांबतात, वाफेची मागणी एकदम कोसळते. पण कोळशाला सुट्टी कळत नाही, तो जळतच राहतो. दाब वर चढतो, सुरक्षा झडप उघडते आणि सगळी वाफ शिट्टी मारत आकाशात. म्हणजे मालकाचा कोळसा आकाशात. म्हणून सुट्टीच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच चांगला आगवाला कोळसा टाकणं थांबवायचा आणि साखळीला टांगलेलं डँपर खाली ओढून चिमणीची ओढ कमी करायचा. सुट्टी संपायच्या आधी पुन्हा जाळ मोठा. दाबाच्या काट्याकडे बघून काम करणारा उशीर करतो. घड्याळाकडे आणि आभाळाकडे बघून करणारा वेळेवर पोचतो. आजच्या कंट्रोलच्या पुस्तकात याला मागणीचा आगाऊ अंदाज म्हणतात.

आणि "अर्धपोटी चार बैल"? त्यामागे दोन पक्की कारणं होती. पहिलं, विटांत गाडलेला प्रत्येक पेटता बॉयलर काहीही काम न करता उष्णता गमावतो. चार पेटवले तर चारांचं नुकसान. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कोळशाच्या जाळीवर आग पातळ केली की तिच्यात भोकं पडतात आणि त्या भोकांतून गार हवा फुकट आत येते, तापते आणि चिमणीतून उष्णता घेऊन निघून जाते. म्हणजे कोळशाची आग मंद केली की ती जास्त उधळी होते. म्हणून दोन बॉयलर जाड, एकसारख्या जाळावर, आणि तिसरा "झाकून" ठेवायचा. कोळसा मागे लोटायचा, वर ओली राख घालायची, डँपर जवळजवळ बंद. आईचे राखेतले निखारेच ते! झाकलेला बॉयलर थोडा कोळसा खातो, पण मागणी वाढली तर लवकर जागा होतो.

तेव्हा आबा बरोबर होते. त्यांच्या बॉयलरपुरते शंभर टक्के बरोबर.

यात चूक झाली तर काय व्हायचं, तेही सांगायला हवं. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. मग इतर प्रांतांचे आपापले कायदे झाले, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. शेवटी १९२३ चा इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला, तो थेट २०२५ च्या नव्या कायद्यापर्यंत टिकला. शंभर वर्षं! आजही आपल्याकडे बाष्पके संचालनालय नावाचं सरकारी खातं आहे, आणि बॉयलर चालवायला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आबांचं प्रमाणपत्र इथे बोर्लीच्या घरी होतं, देवघराशेजारी फ्रेम करून लावलेलं. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, घराचे पत्रे उडाले आणि ते भिजून गेलं. कागदावरचा शिक्का तेवढा ओळखू येतो.

दुसरा कायदा मात्र लोक विसरले. १९१२ चा मुंबईचा स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट. गिरण्यांच्या काळ्या धुरानं शहर हैराण झालं होतं. पण काळा धूर म्हणजे काय? न जळलेला कोळसा. चिमणीतून काळा धूर निघतोय म्हणजे खाली कुणीतरी फावडं भरभरून एकदम टाकलंय. थोडा थोडा कोळसा, एकदा डाव्या नळीत, एकदा उजव्या नळीत, असा आलटूनपालटून टाकला तर एका बाजूचा कच्चा धूर दुसऱ्या बाजूच्या रसरशीत आगीनं जळतो. म्हणजे धुराची तक्रार आणि कोळशाची बचत, दोन्हींचं औषध एकाच फावड्यात होतं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. जेम्स वॉटनं १७८८ साली आपल्या इंजिनाला गव्हर्नर बसवला. दोन फिरते गोळे, इंजिन जोरात फिरलं की गोळे फाकतात आणि वाफेची झडप मिटते. इंजिन तेव्हाच "ऑटोमॅटिक" झालं. पण त्या इंजिनाला वाफ पुरवणारी आग पुढे सव्वाशे वर्षं माणसाच्या फावड्यावर राहिली. का बरं? कारण झडप मिटली की परिणाम लगेच दिसतो, आणि आगीचा परिणाम दिसायला वेळ लागतो. कोळसा टाकला की आधी आग दबते, मग पेटते, मग पाणी तापतं, मग दाब हलतो. हा उशीर ज्याला कळत नाही तो दाब कमी दिसला की जास्त टाकतो, मग दाब जास्त झाला की एकदम बंद करतो, पुन्हा कमी, पुन्हा जास्त. झोपाळ्याला चुकीच्या वेळी ढकलल्यासारखं. नियंत्रकांचे हे हेलकावे का होतात याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६८ साली मांडलं. आगवाल्यांना ते अंगवळणी माहीत होतं.

मग आला आपला रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. बंगालचा किंवा विलायतेचा कोळसा आणायचा म्हणजे भाडंच भारी. टाटांनी लोणावळ्याला पाणी अडवलं, घाटाखाली खोपोलीला वीज केली, आणि १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. म्हणजे गिरणगावातल्या इंजिनांच्या आगी विझवल्या त्या सह्याद्रीच्या पावसानं. आज कोलाडला शहरातली मंडळी राफ्टिंगला येतात ना, ते कुंडलिकेचं पाणी म्हणजे भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी. पण हे फुकट झालं नाही. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं, आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. इंधन वाचतं तेव्हा कुणीतरी कुठेतरी त्याची किंमत देतं, आणि ते गिरणीच्या हिशेबाच्या वहीत येत नाही.

वीज आली म्हणून बॉयलर गेले का? नाही! इंजिन गेलं, पण सायझिंगमध्ये सुताला खळ लावून वाळवायला, रंगाच्या आणि धुलाईच्या हौदांना वाफ लागतेच. आणि इथे बॉयलर खात्याचं काम हलकं व्हायच्या ऐवजी अवघड झालं. इंजिनाची मागणी दिवसभर जवळपास सारखी असायची. हौदांची मागणी म्हणजे मनाला येईल तशी. तीन हौदांवर एकदम झडपा उघडल्या की काटा धाडकन खाली. आबांचा सगळा काळ हा. लँकेशायरच्या पोटातलं वीस टन उकळतं पाणी तेव्हा कामाला यायचं. दाब थोडा पडला की त्या पाण्यातूनच जास्तीची वाफ सुटते, आणि तेवढ्या वेळात आगवाला जाळ वाढवतो. मोठं पोट म्हणजे चुकांना माफी. पुढे छोटे, चपळ बॉयलर आले, त्यांना ही माफी नाही.

तिकडे जगात वीजघरांमध्ये विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात एक नवी कल्पना रुजली. प्रत्येक बॉयलरनं आपापला काटा बघायचा नाही. सगळ्यांच्या सामायिक नळावर एकच काटा, त्यावर एकच "मास्टर", आणि तो सगळ्यांना सांगणार, तू इतकं दे, तू तितकं दे. रांगेतल्या मुकादमासारखा. मग गणित्यांनी विचारलं, कुणाला किती सांगायचं? १९४३ साली स्टाइनबर्ग आणि स्मिथ यांचं यावर अख्खं पुस्तक निघालं. त्यातला मूळ मुद्दा सोपा आहे. कोण सरासरीनं चांगला आहे ते बघू नका. पुढचा एक टन कोण स्वस्तात देईल ते बघा. एखादा बॉयलर एरवी उत्तम असेल, पण तो पूर्ण भरत आलाय, तर त्याच्याकडून पुढचा टन महाग पडतो. शेजारचा साधारणच असेल, पण त्याच्याकडे वाव आहे, तर पुढचा टन त्याला द्या. सगळ्यांचा "पुढचा टन" सारख्या भावाचा झाला की वाटणी बरोबर जमली. खानावळवालीला हे कुणी शिकवत नाही, ती दोन चुलींवर भाकऱ्या अशाच वाटते.

बॉयलर बनवण्याचा धंदाही आपल्या मुलखात वाढला. १९६६ साली वॅन्सन इंडिया म्हणून सुरू झालेली कंपनी पुण्यात वाढली आणि १९८० पासून थरमॅक्स झाली. तेलावर, गॅसवर चालणारे आटोपशीर बॉयलर हॉटेलांत, इस्पितळांत, डेअरीत दिसू लागले. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पाइपचा गॅस पसरत गेला. फावडं गेलं. आबांची गिरणी १८ जानेवारी १९८२ च्या संपात थांबली ती त्यांच्यापुरती थांबलीच. ते बोर्लीला परत आले, वाडीत सुपारी बघायला. बंब मात्र शेवटपर्यंत त्यांनीच पेटवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता भाच्याचे चार बॉयलर. हे कंडेन्सिंग आणि मॉड्युलेटिंग. दोन शब्द, दोन्ही समजून घेऊ.

गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते. जुन्या बॉयलरमध्ये ती तशीच चिमणीतून जाते, आपली उष्णता घेऊन. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली थंड केला, तर ती वाफ बॉयलरच्या आतच पाणी होते आणि लपलेली उष्णता परत देते. भातावरच्या झाकणाखाली थेंब जमतात तसं. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर युरोपात असे बॉयलर पुढे आले, आणि २००५ पासून इंग्लंडमध्ये नवे गॅस बॉयलर बहुतेक ठिकाणी याच जातीचे बसवणं सक्तीचं झालं. अट एकच. इमारतीतून फिरून परत येणारं पाणी गार हवं. ते ७० अंशांचं असेल तर धूर थंड होणार कशानं?

मॉड्युलेटिंग म्हणजे ज्योत कमीजास्त होणं, आणि मुद्दा हा की गॅसबरोबर हवाही तितकीच कमी होते. कोळशाच्या जाळीसारखी भोकं पडत नाहीत, फुकटची गार हवा आत येत नाही. आबांच्या नियमाचं दुसरं कारण इथे उडालं. आणि हे बॉयलर चांगले झाकलेले, पोटात जेमतेम काही लिटर पाणी, त्यामुळे नुसतं पेटलेलं राहण्याचं नुकसानही फार नाही. पहिलं कारणही जवळजवळ उडालं. उलट ज्योत लहान असली की तोच उष्णता घेणारा पत्रा कमी धुराच्या वाट्याला येतो, धूर जास्त थंड होतो, जास्त थेंब जमतात. म्हणजे या जातीत अर्धपोटी चार बैल खरंच जास्त नांगरतात!

पण याला खालची हद्द आहे. उदाहरण घेऊ. चार बॉयलर, प्रत्येक १०० किलोवॅटचा, आणि प्रत्येकाची ज्योत कमीत कमी २० पर्यंत उतरते. मागणी १२० असेल तर चार बॉयलर ३०-३० वर झकास. मागणी ६० झाली तर? चौघांना १५ प्रत्येकी जमत नाही. ते पेटणार, जास्त तापवणार, विझणार, परत पेटणार. आणि प्रत्येक वेळी पेटायच्या आधी पंखा आतली हवा बाहेर फेकतो, सुरक्षेसाठी, म्हणजे साठवलेली ऊबच बाहेर फेकतो. म्हणून ६० ला दोनच ठेवायचे. आणि दुसरा जोडताना मागणी ४० झाली की लगेच नाही, जरा पुढे, ५०-६० ला जोडायचा. नाहीतर मागणी किंचित हलली की तो आत-बाहेर करत बसतो. जोडण्याचा आकडा आणि सोडण्याचा आकडा वेगळे हवेत, आणि दोन्हींमध्ये थोडा धीर हवा. मॅक्सवेलचे हेलकावे पुन्हा दारात.

भाच्याशी व्हिडिओवर बसून आम्ही तळघर बघितलं. मी बोर्लीत, तो तिथे, मध्ये नेटवर्क कधी आहे कधी नाही. तीन गोष्टी दिसल्या. चारही बॉयलर आपापला थर्मोस्टॅट बघून चालत होते, मुकादम कुणीच नाही. एक तापला की दुसरा विझायचा, मग दोघं एकदम पेटायचे. दुसरं, भाच्यानं जे दोन बंद केले होते त्यांच्यातूनही पाणी फिरतच होतं. पेटत्या बॉयलरचं गरम पाणी विझलेल्यांतून आलेल्या पाण्यात मिसळायचं, मग इमारतीला हवं तेवढं गरम पाणी मिळावं म्हणून पेटत्यांना आणखी तापवा. तिसरं सगळ्यात मोठं. पाणी कायम ८० अंशांवर पाठवलं जात होतं, बाहेर बर्फ असो वा ऊन. परत यायचं ६८ वर. इतका महागाचा कंडेन्सिंग बॉयलर, आणि आयुष्यात एक थेंब जमवला नाही त्यानं.

ही मांडणी आधी ज्यांनी केली होती त्यांना दोष देणं सोपं आहे. पण मला वाटतं त्यांनीही कुठल्यातरी आबांचं ऐकलं असावं. गरम म्हणजे चांगलं, पूर्ण जाळ म्हणजे बचत. पिढ्यान् पिढ्या ते खरंच होतं.

मग भाच्यानं एक मास्टर कंट्रोलर लावून घेतला. चारांना तोच सांगणार. बंद बॉयलरची झडप बंद. बाहेरची हवा बघून पाण्याचं तापमान ठरणार, फार थंडी नसली तर ५५ च्या आसपास. रेडिएटर कमी गरम म्हणजे खोल्या तापायला वेळ लागणार, म्हणून सकाळी हीटिंग लवकर सुरू. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "म्हणजे आबांसारखं, भोंग्याच्या आधी." आणि कुणी पहिला पेटायचं याची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणजे एकच बैल झिजत नाही.

हे लिहिताना हिवाळ्याचं पूर्ण बिल आलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. मजल्याचा निर्णय शाळेनं मार्चपर्यंत पुढे ढकलला आहे. पण परवा रात्री भाच्याचा फोन आला. शाळेच्या केअरटेकरनं तक्रार नोंदवली होती, तळघरात चारही बॉयलरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या नळीतून पाणी गळतंय, ताबडतोब या. तो धावत गेला. गळत काहीच नव्हतं. धुरातलं पाणी थेंबथेंब पडत होतं, पहिल्यांदाच. त्यानं त्याचा व्हिडिओ पाठवला. मी आईला दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाली, "अरे, त्याला सांग खाली बादली ठेव."